रेफिया आत्याचे नव्वद दिवस

बसस्थानकाच्या भिंतीवर माझ्या आत्याचा फोटो लावलाय. पांढरा कोट, केस मागे चापून बांधलेले, आणि कुणीतरी ‘जरा हसा’ म्हटल्यावर माणूस ओठ न उघडता हसतो, तसलं हसू. खाली कलिंगडाएवढी अक्षरं: ‘रेफिया, वय ४७. नव्वद दिवसांत जर्मन. मग तुम्ही का नाही?’

शाळेच्या बसची वाट बघत मी रोज सकाळी त्या भिंतीसमोर उभी असते आणि रोज माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या पोस्टरवर खरं आहे काय, तर नाव आणि वय. वय छापायला तर आत्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

रेफिया आत्याला जर्मन यायला लागली चार वर्षं आणि दोन महिने. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण आम्ही एकाच घरात राहतो, ती खाली, आम्ही वर, आणि आमच्या घराची जमीन इतकी पातळ आहे की तिनं खाली कॉफीत साखर ढवळली तरी वर कळतं. चार वर्षं रोज पहाटे पाचला खालून, आत्याच्या फोनमधून, एक जर्मन बाई विचारायची, ‘स्टेशन कुठे आहे?’ आणि आत्या सांगायची, ‘सरळ जा, मग डावीकडे.’ सहा महिन्यांनी मला झोपेतही ते स्टेशन सापडलं असतं. त्या बाईला मात्र शेवटपर्यंत सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा विचारायची.

आत्या आमच्या बोस्नियातल्या झाविदोविची गावाच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. चोवीस वर्षं सुया टोचतेय. जर्मनीतल्या एका इस्पितळानं तिला नोकरी देऊ केली होती, अट एकच: भाषेच्या परीक्षेचा कागद, बी-टू नावाचा. म्हणजे नुसतं स्टेशन विचारून भागत नाही. म्हाताऱ्या रोग्याच्या मुलीला बापाचं काय बिघडलंय ते समजावता आलं पाहिजे, आणि ती रडायला लागली तर काय बोलायचं आणि कुठे थांबायचं, तेही.

तर आत्यानं सुरुवात केली. साखरेच्या डब्यावर चिठ्ठी, मिठाच्या डब्यावर चिठ्ठी, मांजराच्या ताटलीवर चिठ्ठी. बुरेकची, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजायच्या आमच्या पापुद्रेदार पदार्थाची, पोळी लाटताना समोरच्या खिडकीच्या काचेवर क्रियापदांचा कागद. पोळी टेबलभर पसरत जायची, इतकी पातळ की खालच्या चादरीची फुलं दिसावीत, आणि आत्या लाटण्याच्या ठेक्यावर ‘मी होते, तू होतास, तो होता’ म्हणत टेबलाभोवती फिरायची. आरोग्य केंद्रात हमदिया आजोबा इंजेक्शनला यायचे, तीस वर्षं जर्मनीतल्या कारखान्यात काढून परतलेले. आत्या त्यांना अट घालायची, ‘आजोबा, जर्मनमध्ये बोलाल तर हळूच टोचेन.’ आजोबांचं जर्मन निम्मं शिव्यांचं होतं. त्या शिव्या आत्याला परीक्षेत उपयोगी पडल्या नाहीत, पण मला पडल्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण सगळा घोळ तिनं केला.

आमच्याकडे कुणी तुमच्या कष्टांचं कौतुक केलं तर ते कष्ट नाकारायचे असतात. बाई सकाळपासून पोळ्या लाटून पाठीचा काटा ढिला करून घेते, पाहुणी म्हणते, ‘अगं, काय सुंदर झालाय बुरेक,’ आणि बाईनं म्हणायचं, ‘छे गं, काही नाही, असंच घाईघाईत टाकलं भट्टीत.’ हे सगळ्या बायका म्हणतात, एकाच सुरात, शेवटचा शब्द खाली सोडून, हातानं माशी हाकलल्यासारखं करून. मी आमच्या गल्लीतल्या अकरा बायकांचं ‘छे गं, काही नाही’ काढून दाखवू शकते आणि तुम्ही डोळे मिटून ओळखाल कोण कुठली. जी बाई खरं सांगेल, ‘हो, तीन तास लागले,’ ती चढेल. तिच्या घरी पुढच्या वेळी कॉफीला कुणी जाणार नाही.

आत्याचं ‘छे गं’ गल्लीतलं सगळ्यात मऊ.

ती परीक्षेला पहिल्यांदा बसली आणि नापास झाली. साराजेव्होला परीक्षा असायची. गल्लीला तिनं सांगितलं, डोळे तपासायला जातेय. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा थायरॉइड. त्या वेळी लेखी निघाली, तोंडीत गेली. परीक्षक बाईनं तिला विचारलं होतं, तुम्ही नर्स म्हणून कशात चांगल्या आहात ते आम्हाला सांगा. तीन मिनिटं बोलायचं होतं. आणि माझी आत्या, जिला सगळे शब्द येत होते, शीर, सुई, धीर, अनुभव, रात्रपाळी, सगळे, ती म्हणाली, ‘काही विशेष नाही. सगळ्या करतात तेच करते.’ आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसली. परीक्षक बाई वाट बघत राहिली. आत्याला वाटलं आपण सभ्य वागलो.

तिसऱ्यांदा ती तीन गुणांनी गेली. त्या वेळी गल्लीला सांगायला आजार उरले नव्हते, म्हणून तिनं साराजेव्होतला एक काका मारला. तसा काका आम्हाला कधीच नव्हता.

हे तिन्ही निकाल मला माहीत होते. मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, जी शाळेतल्या मुख्याध्यापकांची शिंकसुद्धा घरी आणून वाटते, त्या मी हे गुपित ठेवलं. आत्यानं माझा दंड धरून म्हटलं होतं, ‘मिनेला, हे बाहेर गेलं तर मी तुझी आत्या नाही.’

चौथ्या वेळेआधी ती वेल्दिन सरांच्या वर्गाला जायला लागली. बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांची शाळा आहे. तीन महिने, दर शनिवारी दोन तास. तिथं तिनं काय केलं, तर जुने पेपर सोडवले आणि बाकीच्यांच्या चुका दुरुस्त केल्या. चौथ्यांदा ती पास झाली, आणि दोनच दिवसांनी वेल्दिन सर चॉकलेटचा डबा आणि कॉफीचं पाकीट घेऊन घरी हजर.

वेल्दिन सरांचा आवाज काढायला नाकातून बोलायचं आणि मध्ये मध्ये स्वतःच्याच वाक्याला मान डोलवायची. ते आले, बसले, बुरेक खाल्ला. ‘रेफियाबाई, हा बुरेक म्हणजे कविता आहे.’

‘छे हो, काही नाही, असंच घाईत टाकलं.’

‘आणि तुमचं जर्मन. परीक्षकांनी मला खास कळवलं. इतकं सहज कसं जमलं?’

‘छे हो, काही नाही,’ आत्या म्हणाली, त्याच सुरात, माशी हाकलत, ‘असंच येता-जाता. तीन महिने बसले तुमच्याकडे शनिवारी, झालं.’

वेल्दिन सरांचा फोन साखरदाणीला टेकून उभा होता. मला वाटलं वेळ बघायला ठेवलाय.

आठवड्यात ते चित्रण गावभर फिरलं आणि महिन्यात पोस्टर लागलं. आत्याला आधी लाज वाटली, मग, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं. बेकरीत बायका बाजूला सरकून तिला पुढे जाऊ देत. ‘रेफियाताई, तुमचं डोकंच वेगळं.’ ‘छे गं.’ चार वर्षांच्या पहाटा तिनं अशा एकेक ‘छे गं’मध्ये फुकून टाकल्या. मी वरून ऐकत होते आणि माझी जीभ शिवशिवत होती. पण मला वाटलं, तिची लाज, तिचं नाव, तिचा फोटो. आपलं काय जातंय.

मग झुम्राची गोष्ट झाली.

झुम्रा आमच्या समोर राहते. एकोणतीस वर्षांची, कारखान्यात मोटारींच्या सीटची कव्हरं शिवते, आणि लग्नाला दीड वर्ष झालंय. नवरा इस्मेत स्टुटगार्टजवळ भिंतींचे पत्रे बसवतो. नऊ वर्षं झाली त्याला तिकडे. बायकोला तिकडे जायचं तर तिलाही भाषेचा एक कागद लागतो, ए-वन, सगळ्यात खालची पायरी: नाव, गाव, किती वाजले, ब्रेड कुठे मिळतो. इस्मेतनं पोस्टरचा फोटो बघितला आणि बायकोला वेल्दिन सरांच्या वर्गात घातलं. नव्वद दिवस.

झुम्रा सकाळी सहाला शिवायला बसायची, दोनला सुटायची, सासूचं बघायची, संध्याकाळी वर्गाला. तिथं बावीस जण एका खोलीत, आणि वेल्दिन सर पडद्यावर चित्रं दाखवून म्हणायचे, ‘पाठ करू नका, भाषेत पोहा.’ नव्वद दिवस पोहून झुम्रा परीक्षेला गेली. साठ गुण हवे होते, बावन्न मिळाले.

इस्मेत फोनवर जे बोलला ते आख्ख्या गल्लीनं ऐकलं, कारण झुम्रा अंगणात कपडे वाळत घालताना फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवते. इस्मेतचा आवाज काढायला सोपा आहे. हनुवटी छातीला लावायची आणि दर वाक्याला ‘कळलं का’ जोडायचं.

‘समोरच्या रेफियाताई सत्तेचाळीस वर्षांच्या. त्यांनी तीन महिन्यांत वरची परीक्षा काढली, कळलं का. तू खालची काढू शकत नाहीस. मग एक तर तू मठ्ठ आहेस, नाही तर तुला यायचंच नाहीये.’

‘मला यायचंय.’

‘पुढच्या गुरुवारी पुन्हा परीक्षा आहे. ही गेली तर राहा तिथेच माझ्या आईजवळ, कायमची. मला रोज लोक विचारतात बायको कुठाय. मी काय सांगू, कळलं का.’

झुम्रानं चिमटे लावत लावत एक आख्खी चादर दोरीवर उलटी घातली.

दुसऱ्या दिवशी ती पुस्तकांची पिशवी घेऊन आत्याकडे आली. वही, शब्दांची कार्डं, सगळं. तिनं पिशवी दाराशी ठेवली, चप्पल काढली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

‘रेफियाताई, ही तुमच्याकडे राहू द्या. कुणाला तरी उपयोगी पडतील. मी गुरुवारी जात नाहीये.’

‘का गं?’

‘तुमचं डोकं वेगळं आहे. माझ्यात राहतच नाही काही. सकाळी पाठ केलेलं दुपारी मशीनच्या आवाजात जातं. इस्मेत म्हणतो ते खरं असेल.’

मी ओट्याशी सफरचंद कापत होते. मी आत्याकडे बघितलं. आता सांगेल, मला वाटलं. आता उठेल आणि सांगेल.

आत्यानं कॉफी ओतली. ‘अगं, होईल गं हळूहळू,’ ती म्हणाली. ‘काही विशेष नसतं त्यात.’

झुम्रानं मान हलवली. विशेष नसलेलंही आपल्याला जमलं नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. कॉफी अर्धी टाकून ती गेली.

मी सुरी खाली ठेवली. ‘आत्या, तू तिला सांगितलं नाहीस.’

‘काय सांगू? की मी तीनदा नापास झाले? पोस्टरवर माझं तोंड आहे, मिनेला. आख्खं गाव हसेल.’

‘ती मठ्ठ आहे असं समजून घरी गेली.’

आत्यानं झुम्राची उरलेली कॉफी मोरीत ओतली. पण त्या दुपारी ती वेल्दिन सरांकडे गेली, आणि मी मागून गेले, कारण मला पावही आणायचाच होता. वेल्दिन सर टेबलामागे बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. त्या प्रत्येक पत्रकावर आत्या होती.

‘वेल्दिन सर, ते पोस्टर काढा. मला चार वर्षं लागली.’

‘पण रेफियाबाई,’ ते नाकातून म्हणाले, ‘तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगितलंत. माझ्याकडे चित्रण आहे.’

‘ते आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं. तुम्हीही इथलेच आहात. तुम्हाला कळत नाही का?’

‘मला सगळं कळतं. पण चार वर्षं असं लिहिलं तर जिना कोण चढेल? लोकांना आशा हवी असते.’ आणि त्यांनी मान डोलवली. ‘शिवाय नव्वद दिवस तुम्ही माझ्याकडे होतातच. मी खोटं काय लिहिलं?’

याला म्हणतात चोर तो चोर. बावीस जणांतले सतरा नापास झाले होते, आणि सतराही जण घरी जाऊन आपल्याच डोक्याला दोष देत होते. एकानंही जिन्यावर परत येऊन विचारलं नाही. का विचारतील? समोरच्या भिंतीवर पुरावा हसत होता ना.

आत्या घरी आली आणि तिनं पीठ मळायला घेतलं. ती रागावली की पीठ मळते. पोळी टेबलावर पसरायला लागली, तशी मी, काही ठरवून नाही, फक्त माझ्या तोंडाला चैन पडत नाही म्हणून, हनुवटी छातीला लावली.

‘एक तर तू मठ्ठ आहेस,’ मी इस्मेतच्या आवाजात म्हणाले, ‘नाही तर तुला यायचंच नाहीये, कळलं का.’

आत्या हसली. तिला माझा इस्मेत आवडतो. मी पुढे गेले, ‘समोरच्या रेफियाताईंनी तीन महिन्यांत काढली...’ आणि मग माझ्या तोंडातून आत्याचाच आवाज निघाला, मऊ, शेवटचा शब्द खाली सोडून, हातानं माशी हाकलत: ‘छे हो, काही नाही, असंच येता-जाता.’

आत्याचे हात थांबले. पोळी मधोमध फाटली.

‘मी अशी म्हणते?’

‘हुबेहूब.’

तिनं फाटलेली पोळी चिकटवलीसुद्धा नाही, तशीच गोळा करून परातीत टाकली, हात धुतले, आणि वरच्या कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात बिस्किटं कधीच नसतात. एप्रन न काढता ती रस्ता ओलांडून झुम्राच्या घरी गेली. मी मागे. या वेळी मी पावाचा बहाणा केला नाही.

झुम्रा टेबलाशी बसली होती आणि इस्मेत फोनमध्ये, साखरदाणीला टेकून. त्याचा उजवा गाल सुजलेला होता.

‘बस, इस्मेत, फोन ठेवू नकोस,’ आत्या म्हणाली आणि डबा झुम्रासमोर उघडला. ‘वाच.’

झुम्रानं पहिला कागद उचलला. तिला जर्मन येत नाही असं तीच म्हणत होती, पण ‘नापास’ हा शब्द तिनं लगेच वाचला. दुसरा. तिसरा.

‘ही कुणाची आहेत?’

‘माझी. त्या दिवशी मी डोळे तपासायला गेले नव्हते.’

‘आणि थायरॉइड?’

‘माझं थायरॉइड अगदी उत्तम आहे.’

झुम्रानं तिसऱ्या कागदावरची तारीख पाहिली आणि तिचं तोंड उघडं राहिलं. ‘रेफियाताई, या दिवशी तर तुमचे काका वारले होते. मी तुमच्या सांत्वनाला आले होते. साखर आणि कॉफी घेऊन आले होते.’

‘हो,’ आत्या म्हणाली. ‘कॉफी चांगली होती.’

झुम्रा हसली की रडली ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हीचा आवाज एकाच ठिकाणाहून येत होता आणि तो मला काढता येत नाही. मी खूप प्रयत्न केलाय.

‘चार वर्षं आणि दोन महिने,’ आत्या म्हणाली. ‘रोज पहाटे पाचला. वेल्दिनकडे गेले ते शेवटचं पॉलिश करायला. मी तुझ्यापेक्षा हुशार नाही, झुम्रा. मी फक्त आधी सुरुवात केली आणि गप्प बसले. गप्प बसले ते चुकलं.’

फोनमधून इस्मेत खाकरला. ‘बरं, मग हिला तीनाऐवजी चार महिने लागतील म्हणा. तरी पण माणसानं मनावर घेतलं तर—’

आत्या फोनकडे वळली, आणि त्याच्याशी जर्मनमध्ये बोलायला लागली.

मी ते जर्मन चार वर्षं रोज पहाटे ऐकलेलं, पण ते असं कधी ऐकलं नव्हतं. तिथं कुणी स्टेशन विचारत नव्हतं. ती हळू, नीट, रोग्याशी बोलावं तशी बोलत होती. मला निम्मं कळलं. इस्मेतनं तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, मग म्हणाला, तिकडच्या भाषेत, ‘हो, हो. छान.’

‘मी विचारलं,’ आत्या आपल्या भाषेत म्हणाली, ‘तुझा दात कधीपासून दुखतोय आणि रात्री ताप येतो का.’

इस्मेतच्या जर्मनमध्ये पाच शब्द आहेत. ‘साहेब’, ‘संपलं’, ‘सुट्टी’, ‘उद्या’, आणि एक हमदिया आजोबांचा. मी ते वर्षभर खिडकीतून मोजलेत. रस्त्याच्या या बाजूला सगळ्यांना माहीत होतं, पण जर्मनीत राहणाऱ्याला जर्मन येत नाही असं तोंडावर म्हणायचं नसतं.

‘नऊ वर्षं झाली तुला तिकडे,’ आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘आणि हिला तू नव्वद दिवस देतोस.’

इस्मेतनं सुजलेल्या गालावर हात ठेवला. मग इस्मेत बोलला, आणि ‘कळलं का’ नव्हतं त्यात.

‘कामावर सगळे आपलेच आहेत, रेफियाताई. खोलीवर पण आपलेच. दुकानात यंत्रावर पैसे देतो आणि बाहेर येतो. माझ्याशी कुणी बोलतच नाही, मी शिकू कुणाकडून?’ आणि थोडं थांबून, ‘सहा दिवस. ताप रात्री येतो.’

‘मग आज डॉक्टरकडे जा.’

‘त्यांना काय सांगू?’

मला वाटलं आत्या सांगेल. पण तिनं पुस्तकांची पिशवी मागितली. मी पळत जाऊन ती आमच्या दारातून आणली. आत्यानं कार्डांची गड्डी झुम्राच्या हातात दिली, आणि झुम्रानं शोधलं, बोटाला थुंकी लावून, एकेक कार्ड उलटत. दात. सहा. दिवस. दुखणं. तिनं ते वाक्य जुळवायला, खरं सांगते, पाच मिनिटं घेतली. मध्ये दोनदा चुकली. मग फोनसमोर वाकून नवऱ्याला ते वाचून दाखवलं, आणि म्हणाली, ‘माझ्यामागून म्हण.’

तो म्हणाला. वाईट म्हणाला. तिनं पुन्हा म्हणायला लावलं.

गुरुवारी झुम्रा परीक्षेला गेली नाही. मला हे सांगायला आवडत नाही, कारण कुणालाही वाटेल की आता ती उठली आणि जिंकली. ती गेली नाही, कारण बावन्नाचे साठ एका आठवड्यात होत नाहीत, आणि आता ती घाई करणार नव्हती. तिनं इस्मेतला सांगितलं, ‘मी वसंतात बसेन. तुला थांबवत नसेल तर तू इकडे ये. कव्हरं शिवायला शिकवते.’ इस्मेत म्हणाला, थांबतो. दात त्यानं काढून घेतला. त्यानंतर रोज ती दोघं फोनवर कार्डं खेळत, आणि तो तिच्यापेक्षा जास्त चुकत असे. झुम्रा हसत असे, तेही उघड्या खिडकीतून.

रोज पहाटे पाचला आमच्या खालच्या स्वयंपाकघरात आता दोघी स्टेशन शोधायच्या. मला झोप म्हणून उरली नाही. मार्चमध्ये झुम्राला एकाहत्तर गुण मिळाले. पहिल्या दिवसापासून मोजलं तर अकरा महिने. हे मी कुणी विचारो न विचारो सांगते, बेकरीत, बसमध्ये, वेल्दिन सरांच्या जिन्याखाली तर मुद्दाम, आणि त्यांच्याच नाकातल्या आवाजात.

पोस्टर अजून आहे. आत्याही अजून इथेच आहे, तिच्या जर्मनीच्या नोकरीचे बाकीचे कागद कुठल्यातरी टेबलावर अडकलेत. आत्यानं दोनदा अर्ज दिला, वेल्दिन सर दोन्ही वेळा म्हणाले की छपाई झालेली आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी दुसरं लावलं, शेजारी: ‘झुम्रा, वय २९.’ खाली पुन्हा नव्वद. झुम्राला कळलं तेव्हा ती शिवणाची कात्री घेऊन निघाली होती. आत्यानं तिला दारात अडवलं, आणि मला अजून वाटतं की अडवायला नको होतं.

झुम्रा जायच्या आदल्या रविवारी आत्यानं गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. मोठा गोल बुरेक, कडा कुरकुरीत, वर लोण्याची चकाकी. पहिला घास घेतल्यावर कोपऱ्यातल्या शिक्षिकाबाईंनी डोळे मिटले. ‘रेफिया, काय झालाय गं. इतकी पातळ पोळी. कशी करतेस?’

सगळ्या बायकांनी आत्याकडे बघितलं आणि आपापली मान आधीच हलवायला घेतली, पुढचं वाक्य ठाऊक असल्यासारखी. आत्यानं हात उचलला. माशी हाकलायच्या जागी आला हात. मग तिनं तो टेबलावर ठेवला.

‘पावणेतीन तास लागले,’ ती म्हणाली. ‘दोन पोळ्या फाटल्या. कंबर मोडलीय माझी.’

हलायला लागलेल्या माना तिथेच थांबल्या, जसं कुणी चपला घालून घरात शिरलंय. शिक्षिकाबाईंचा घास गालातच राहिला. मग झुम्रानं स्वतःची ताटली पुढे केली.

‘दिसतंय ते,’ ती म्हणाली. ‘आणखी एक तुकडा वाढा.’